स्वबांधणीची मोटार आणि इंजिनाची निवड : महाराष्ट्रातील प्रयत्नांचा एक ऐतिहासिक अभ्यास (परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

सुट्या भागांतून, मर्यादित खर्चात, स्वतःच्या हाताने मोटार बांधण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रुजली. महाराष्ट्रातही इचलकरंजी, अलिबाग आणि देवराष्ट्रे या ठिकाणी निरनिराळ्या काळात तिचे आविष्कार झाले. या सर्व प्रयत्नांत निर्णायक ठरलेला प्रश्न इंजिनाचा होता. हा प्रश्न केवळ अश्वशक्तीचा नसून इंजिन कोठून आले, ते कोण दुरुस्त करणार आणि त्याची कागदपत्रे कोणती, या तिहेरी स्वरूपाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्याआधारे परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यातील महाविद्यालयीन उपक्रमासाठी काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : किट कार, इंजिन, मीरा, चिंकारा, मोटार वाहन अधिनियम, परभणी.

प्रस्तावना

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास सामान्यतः मोठ्या कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, पुण्यातील टाटा व बजाज टेम्पो, पुढे १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० हे त्यातील ठळक टप्पे होत. परंतु कारखान्याबाहेर, लहान कार्यशाळेत मोटार बांधू पाहणाऱ्यांचाही एक समांतर इतिहास आहे. त्याची दखल क्वचितच घेतली गेली आणि घेतली तीही बहुधा कौतुकाच्या किंवा हळहळीच्या सुरात. हे प्रयत्न का थांबले किंवा का टिकले, याची कारणमीमांसा मात्र फारशी झालेली नाही. आज तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांतील विद्यार्थी प्रकल्प म्हणून वाहन बांधू इच्छितात. अशा वेळी ही कारणमीमांसा केवळ ऐतिहासिक कुतूहलापुरती राहत नाही. विद्यार्थ्यांचा पैसा, श्रम आणि सुरक्षितता यांच्याशी तिचा थेट संबंध येतो.

किट कारची मूळ संकल्पना

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून ग्राहकाने स्वतः जुळवावयाची मोटार. इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर असे. सुट्या भागांच्या संचावर तो लागू होत नसे. या सवलतीचा लाभ घेऊन कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही दोन आसनी गाडी बाजारात आणली. तिच्या प्रारंभीच्या नमुन्यात फोर्ड कंपनीचे ११७२ घनसेंटीमीटरचे साधे इंजिन बसविले जाई. त्याची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर होती. तथापि, गाडीचे वजन पाचशे किलोपेक्षा कमी असल्याने ती चपळ ठरली. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि संचाचा करविषयक लाभ संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या संस्थेकडे गेले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९९६ चा होय. रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत मोटार कशी बांधावी याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. फोर्ड एस्कॉर्ट ही जुनी, भंगारात निघालेली गाडी संपूर्ण विकत घ्यावी. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल व ब्रेक वापरावेत आणि चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वतः वेल्ड करावा, ही त्यांची पद्धती. तीत इंजिन सुटे घेतले जात नाही. एका संपूर्ण गाडीचा भाग म्हणून ते येते. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रातील तीन मार्ग

महाराष्ट्रातील प्रयत्नांचे इंजिनाच्या दृष्टीने तीन प्रकार करता येतात.

पहिला मार्ग स्वनिर्मित इंजिनाचा. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला व पुढे सत्तरच्या दशकापर्यंत तिच्या सुधारित आवृत्त्या घडविल्या. इंजिन मागील बाजूस ठेवणे, स्प्रिंगांऐवजी रबरावर आधारित निलंबन वापरणे आणि त्यायोगे वजन व सुटे भाग कमी करणे ही तिची वैशिष्ट्ये होती. सुमारे १२,००० रुपयांत सामान्य कुटुंबाला मोटार मिळावी, हे उद्दिष्ट होते. हा प्रयत्न इचलकरंजीत व्हावा, हा योगायोग नव्हे. १९०४ मध्ये तेथे यंत्रमाग आला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. कोल्हापूर परिसरात ओतकाम व यंत्रदुरुस्तीची परंपरा वाढली. इंजिन घडविण्यास लागणारे कुशल हात त्या परिसरात उपलब्ध होते. तरीही मीरा उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. त्या काळी मोटार उत्पादनास परवाना अनिवार्य होता. शिवाय एका नमुन्यासाठी इंजिन घडविणे आणि हजारो इंजिने एकसारखी ओतणे यांतील भांडवलाचे अंतर एका कार्यशाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे शासनाने स्थापन केलेल्या मारुती उद्योगानेही इंजिन नव्याने न घडविता १९८२ मध्ये सुझुकीशी करार करून ते मिळविले, हे या संदर्भात लक्षात घ्यावे लागेल.

दुसरा मार्ग प्रस्थापित कंपनीचे इंजिन घेऊन मर्यादित संख्येने गाडी बांधण्याचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या फायबरग्लासच्या गाडीत रेनॉचे ११४९ घनसेंटीमीटरचे इंजिन होते. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर ‘रोडस्टर’ बांधली आणि तीत इसुझु बनावटीचे १.८ लिटरचे इंजिन वापरले. हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसा व अॅम्बॅसेडर या गाड्यांत होते. ते लांबीच्या दिशेने बसणारे व मागील चाके फिरविणारे असल्याने सेव्हनच्या रचनेला अनुरूप ठरले. शिवाय देशात त्याचे सुटे भाग मिळत होते.

तिसरा मार्ग भंगारातील इंजिनाचा. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६०,००० रुपये खर्चून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये तिला देशभर प्रसिद्धी मिळाली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच, हे वाहन नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या त्यास रस्त्यावर मनाई होईल, हेही स्पष्टपणे नमूद केले व त्याच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. या प्रसंगातील उदारता सर्वांच्या स्मरणात राहिली. त्यातील कायदेशीर मुद्दा मात्र दुर्लक्षित राहिला.

परभणीची पार्श्वभूमी

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. येथील यंत्रसंस्कृती पश्चिम महाराष्ट्राप्रमाणे ओतशाळेतून नव्हे, तर कापसाच्या जिनिंगमधून, रेल्वेतून आणि शेतीच्या पाण्यातून वाढली. सेलू, मानवत यांसारख्या बाजारपेठांतील सरकी काढण्याची यंत्रे, विहिरीवरील डिझेल पंप, पुढे ट्रॅक्टर आणि मालवाहू रिक्षा यांभोवती येथील मिस्त्रींचे कौशल्य घडले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे, कृषी अभियांत्रिकीच्या शिक्षणाची त्यास जोड मिळाली. तात्पर्य, इंजिन निर्माण करण्याची नव्हे, तर इंजिन चालते ठेवण्याची परंपरा येथे आहे. हे उणेपण नव्हे. परंतु निवडीची दिशा त्यावरून ठरते.

इंजिनाची निवड : तुलनात्मक विचार

स्थानिक पातळीवर पहिला विचार सहसा पंपाच्या डिझेल इंजिनाचा येतो. उत्तर भारतातील ‘जुगाड’ याच इंजिनावर चालत असे. परंतु सुमारे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास एकाच गतीने चालणारे, जड चक्राचे हे इंजिन पंपासाठी योग्य आहे. मोटारीला लागणारी गतीची चढउतार ते सहजपणे देऊ शकत नाही.

दुसरा पर्याय टाटा एसच्या इंजिनाचा. २००५ मध्ये आलेल्या या वाहनाचे मूळ दोन सिलिंडरचे ७०२ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन म्हणजे इंडिकाच्या १,४०५ घनसेंटीमीटरच्या इंजिनाचा निम्मा भाग होय. ते काटक आहे व गावोगावी दुरुस्त होते. मात्र त्याची शक्ती सुमारे १६ अश्वशक्ती आहे. पाचशे किलोच्या गाडीत बसविल्यास टनामागे ३२ अश्वशक्ती इतकेच प्रमाण हाती लागते. ओझे वाहण्यासाठी ते पुरेसे आहे, प्रवासी मोटारीसाठी अपुरे.

तिसरा पर्याय मारुतीच्या ७९६ घनसेंटीमीटरच्या तीन सिलिंडर इंजिनाचा. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मारुती ८०० मध्ये हे इंजिन आडवे बसते व पुढील चाके फिरविते. ओम्नी व्हॅनमध्ये तेच इंजिन पुढील आसनांखाली लांबीच्या दिशेने बसते आणि प्रोपेलर शाफ्टद्वारे मागील चाके फिरविते. म्हणजे चॅम्पियन यांनी एस्कॉर्टमधून जे घेतले, ते इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचा अॅक्सल या क्रमाने ओम्नीत तयार मिळते. सुमारे ३५ अश्वशक्ती पाचशे किलोच्या गाडीत टनामागे ७० होते. साडेसहाशे किलोच्या मूळ मारुती ८०० मध्ये हे प्रमाण याहून कमी होते. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले तरी तिचे काम जाणणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही आढळतात. त्यातही कार्ब्युरेटरचे जुने इंजिन घेतल्यास इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा प्रश्न उद्भवत नाही. इंधन अंतःक्षेपणाचे इंजिन घेतल्यास त्याचे संपूर्ण वायरिंग व संवेदक त्याच गाडीतून काढून घ्यावे लागतात.

कायदा आणि अंदाजपत्रक

अंदाजपत्रकाचा प्रारंभ सांगाड्यापासून किंवा इंजिनापासून नव्हे, तर गाडी कोठे चालवावयाची या प्रश्नापासून व्हावयास हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ अन्वये सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या वाहनाची नोंदणी आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनाच्या मूळ नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. पुण्यातील एआरएआय व अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील संरक्षण खात्याची व्हीआरडीई या अशा संस्था आपल्याच राज्यात आहेत. मात्र ही व्यवस्था हजारो गाड्या विकणाऱ्या उत्पादकास गृहीत धरून आखलेली आहे. तेथे चाचणीचा खर्च प्रत्येक गाडीमागे विभागला जातो. एकच गाडी बांधणाऱ्यावर तो संपूर्ण पडतो. जुन्या गाडीच्या नोंदणीवर नवी गाडी चालविण्याची पळवाटही उरलेली नाही. जुगाड हेदेखील मोटार वाहनच आहे व त्यास कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास त्याच न्यायालयाने मनाई केली.

त्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पास खुला असलेला मार्ग बंदिस्त मैदानाचा आहे. २००७ पासून चालणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत प्रारंभी सर्व संघांना एकाच बनावटीचे इंजिन ठरवून दिलेले असे. इंजिन समान असल्याने संघांची कसोटी सांगाडा, वजन व शक्तिवहन यांत लागे. २०१५ पासून विद्युत वाहनांचा विभागही सुरू झाला.

प्रत्यक्ष खर्चाच्या नियोजनात चार सूत्रे उपयुक्त ठरतात. पहिले, सुटे इंजिन न घेता कागदपत्रांसह संपूर्ण जुनी गाडी घ्यावी. सुकाणू, ब्रेक, पेडल, चाके हे सर्व त्यातच मिळते, शिवाय इंजिन क्रमांक व मालकी यांविषयी संशय राहत नाही. दुसरे, गाडी मोडल्यावर परिवहन कार्यालयातून तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. तिसरे, काटकसर पत्र्यात, रंगात व आसनांत करावी. ब्रेक, सुकाणू व वेल्डिंग यांत करू नये. चौथे, सांगाड्याचे रेखाटन इंजिन हाती आल्यानंतर आणि त्याची प्रत्यक्ष मापे घेतल्यानंतरच अंतिम करावे. आधी सांगाडा व मग इंजिन हा क्रम दुहेरी खर्चास कारणीभूत होतो.

निष्कर्ष

१. स्वबांधणीची मोटार जेथे टिकली, तेथे ती घेतलेल्या इंजिनावर टिकली. लोटस, चॅम्पियन आणि चिंकारा ही त्याची उदाहरणे होत.

२. मीरेचा प्रयत्न अयशस्वी म्हणणे अपुरे आहे. परवाना व भांडवल यांच्या अभावी बुद्धी व हस्तकौशल्य पुरेसे ठरत नाही, हे तो दाखवितो.

३. देवराष्ट्रे येथील प्रयत्नाने खर्चाचा प्रश्न सोडविला. नोंदणीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. एकेका कारागिराच्या वाहनासाठी सुलभ व सुरक्षित चाचणीची वेगळी तरतूद करता येईल काय, हा विचार शासनस्तरावर व्हावयास हवा.

४. परभणीसारख्या जिल्ह्यात ओम्नीसारख्या सर्वत्र दुरुस्त होणाऱ्या गाडीचे इंजिन, हलका सांगाडा व बंदिस्त मैदान ही त्रयी व्यवहार्य आहे.

इंजिन निवडताना विद्यार्थ्याने अश्वशक्तीचा आकडा अखेरीस पाहावा. ते बिघडले तर मानवत किंवा गंगाखेडच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होईल काय, हा प्रश्न त्याने प्रथम विचारावा. उपरोक्त इतिहासाचा व्यावहारिक अर्थ एवढाच आहे.