कैसरचा पुतळा वितळवला, सिंह मात्र वाचले! बर्लिनमधल्या बेगास यांच्या स्मारकांचं पुढे काय झालं?

बर्लिनच्या टियरपार्क या प्राणिसंग्रहालयात ब्राँझचे भलेमोठे सिंह आहेत. पण ते प्राणिसंग्रहालयासाठी घडवलेले नाहीत. एकेकाळी ते सम्राट पहिला विल्हेल्म याच्या स्मारकाची राखण करत होते. सम्राट गेला, सिंह उरले. असं का झालं?

कोण होते बेगास?

राइनहोल्ड बेगास (१८३१-१९११) हे जर्मन साम्राज्याच्या काळातले नावाजलेले शिल्पकार. कैसर दुसरा विल्हेल्म याची त्यांच्यावर विशेष मर्जी होती. त्यामुळे राजधानीतली मोठमोठी कामं त्यांना मिळाली. पुढे सत्ता बदलत गेली आणि ही स्मारकंही जागा बदलत गेली.

सम्राटाचं स्मारक

१८९७ मध्ये राजवाड्यासमोर पहिल्या विल्हेल्मचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९४९-५० च्या हिवाळ्यात पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीने तो पाडला. बहुतेक ब्राँझ वितळवलं गेलं. उरलेल्या चौथऱ्यावर २०२० मध्ये जर्मन एकीकरणाच्या स्मारकाचं काम सुरू झालं.

बिस्मार्क

१९०१ मध्ये संसदेसमोर उभारलेलं हे स्मारक नाझींनी राजधानीच्या नव्या आखणीसाठी टियरगार्टन उद्यानात हलवलं. ते आजही तिथेच आहे.

विजयपथ

ब्रांडेनबर्ग आणि प्रशियाच्या राजांचे ३२ संगमरवरी पुतळे बेगास यांच्या देखरेखीखाली घडले. बर्लिनकर त्याला ‘बाहुल्यांची गल्ली’ म्हणून हिणवायचे. युद्धानंतर पुतळे काढले गेले आणि १९५४ मध्ये चक्क जमिनीत पुरले गेले! १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा बाहेर काढण्यात आले. त्यातले उरलेले पुतळे आता श्पांडाउच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत.

कवी आणि समुद्रदेव

कवी शिलर यांचं १८७१ चं स्मारक नाझींनी चौकातून हटवलं. पुढे शहराची फाळणी झाली आणि स्मारकाचे भागही दोन्हीकडे विभागले गेले. पूर्व-पश्चिम देवाणघेवाणीनंतर १९८८ मध्ये शिलर मूळ जागी परतले. बर्लिनची भिंत तेव्हा अजून उभीच होती.

१८९१ चं नेपच्यून कारंजंही राजवाड्याजवळून काढलं गेलं. पण १९६९ मध्ये त्याच कम्युनिस्ट राजवटीने ते लाल टाऊन हॉलजवळ पुन्हा बसवलं.

थोडक्यात काय?

शिल्पकार एकच, पण प्रत्येक स्मारकाचं नशीब वेगळं. कम्युनिस्टांना समुद्रदेव, कवी आणि सिंह चालले, कारण त्यांचा कुणाच्या गादीवर दावा नव्हता. घोड्यावरचा सम्राट मात्र त्यांना नको होता.