गणेशपुरी ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर किती, वेळ किती आणि तारीख कशी मोजायची?

गणेशपुरी (ता. भिवंडी) : भगवान नित्यानंद यांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी गणेशपुरीत समाधी घेतली. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद १९७० पासून परदेश दौऱ्यांवर गेले आणि पुढे न्यूयॉर्क राज्यात साउथ फॉल्सबर्ग येथेही आश्रम झाला. त्यामुळे अमेरिकेतून गणेशपुरीला येणारे भाविक नवे नाहीत. मात्र त्यांना आणायला गाडी नेमकी कोणत्या तारखेला पाठवायची, इथे घोळ होऊ शकतो.

अंतर किती?
मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याने सर्वात जवळचा मार्ग उत्तरेकडून, रशिया आणि उत्तर युरोपवरून जातो. प्रत्यक्षात काही देशांचे आकाश बंद असले की विमानाला वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

वेळ किती?
थेट विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला जायला साधारण १६ तास लागतात, येताना साधारण १५. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येतानाचा प्रवास लवकर उरकतो. दुबई किंवा लंडनला विमान बदलायचे असेल तर १८ ते २४ तास, कधी त्याहून जास्तही लागतात.

घड्याळाचा फरक
भारताची वेळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असते. हा हिशेब मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतचा. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो.

उदाहरण पाहू. ७ ऑगस्टला रात्री ११ वाजता न्यूयॉर्कहून विमान सुटले, तेव्हा आपल्याकडे ८ तारखेचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. त्यात १५ तास मिळवले की विमान ८ तारखेला रात्री साडेअकराला मुंबईत उतरते. पासपोर्ट तपासणी आणि सामान यात दीड-दोन तास जातात. म्हणजे भाविक गणेशपुरीत पोहोचेपर्यंत ९ तारखेची पहाट झालेली असते. ८ ऑगस्टला समाधीचं दर्शन घ्यायचं असेल, तर ६ तारखेलाच निघालेलं बरं.

शेवटचा टप्पा
विमानतळ ते गणेशपुरी रस्त्याने साधारण ७० ते ८० किलोमीटर आहे. दहिसर, वर्सोवा पूल, शिरसाड फाटा, वज्रेश्वरी असा मार्ग पडतो. घोडबंदरजवळ कोंडी असली तर तीन तास हाताशी ठेवावेत.

हे लक्षात ठेवा
तिकिटावर '१२ तारीख, रात्री १.३०' असेल तर गाडी ११ तारखेच्या रात्रीच निघाली पाहिजे. आता नवी मुंबईचा विमानतळही झाला आहे, त्यामुळे पाहुण्यांचे विमान कोणत्या विमानतळावर उतरणार ते आधी विचारून घ्या. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे असतात.