रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनआधी कधी थांबवायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या एक ताई दवाखान्यात आल्या. हृदयात धातूची झडप बसवलेली, आता गर्भाशयाचे ऑपरेशन ठरलेले. "साहेब, रक्त पातळ करायची गोळी मी पंधरा दिवसांपूर्वीच बंद केली," त्या सहज म्हणाल्या. माझ्याच पोटात गोळा आला!

या गोळीचा इतिहास ऑपरेशनपासूनच सुरू होतो. १९२०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत बुरशी लागलेला एक चारा खाल्लेल्या जनावरांची शिंगे कापली, की रक्त थांबतच नसे. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य १९३९ मध्ये शोधले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये चक्क उंदरांचे विष म्हणून बाजारात आले, आणि १९५५ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिले गेले.

वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. आपल्याकडे जास्त चालणारे असेनोकुमारॉल दोन-तीन दिवस. मधल्या काळात सर्रास हेपरिनची इंजेक्शने देत. २०१५ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या १८८४ रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की इंजेक्शन न देताही गुठळ्या वाढल्या नाहीत. दिल्यास मोठा रक्तस्राव मात्र वाढला, १.३ ऐवजी ३.२ टक्के. धातूच्या झडपेचे रुग्ण त्यात नव्हते, त्यामुळे तो निष्कर्ष या ताईंना लागू करता येत नव्हता.

आयएनआर आणि इको करून त्यांना हेपरिन सुरू केले, ऑपरेशन पुढे ढकलले. नंतर गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे सर्जननी आणि मी मिळून ठरवले.