केबिनींत कोळसा: ‘ह्यू लिंडसे’ आगबोट आणि एडनचा इतिहास

१/ २० मार्च १८३०. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझच्या दिशेने निघाली, तेव्हा तिच्या केबिनींतही कोळसा भरलेला होता. इंधनाच्या या हिशोबाने पुढे एका बंदराचे भवितव्य ठरवले. त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ त्या काळी मुंबईहून इंग्लंडला जाणारे टपाल आफ्रिकेला वळसा घालून जाई व त्यास कित्येक महिने लागत. तांबड्या समुद्राची वाट पुष्कळ जवळची होती. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, तोच जॉन माल्कम आता मुंबईचा गव्हर्नर होता आणि या मार्गाचा पुरस्कर्ताही.

३/ बोट ४११ टनांची. ८० अश्वशक्तीची दोन इंजिने आणि दोन्ही बाजूंना पाणी कापणारी चाके. कोळसा मावे तो सुमारे साडेपाच दिवसांचा. पहिला थांबा एडन मात्र ११ दिवसांवर!

४/ कमांडर जॉन विल्सन याने त्यावर सरळ उपाय केला. कोठारे भरली, मग मालाची जागा, केबिनी आणि अखेर डेकही कोळशाने भरून टाकला.

५/ परंतु इंधन म्हणजे वजन. भार वाढला की बोट खोल बसते, चाके पाण्यात अधिक बुडतात आणि वेग मंदावतो. कोळसा जळत जातो तशी ती वर येते. एकाच बाजूचा साठा आधी संपला तर बोट दुसऱ्या बाजूला कलते. एक चाक खोल जाते, दुसरे उथळ राहते. म्हणून दोन्हीकडचा साठा सारखाच उपसावा लागतो. डिझेलच्या दोन टाक्या असलेल्या आजच्या नौकेलाही हाच नियम लागू आहे.

६/ एडन आले तेव्हा अवघ्या सहा तासांचा कोळसा उरला होता. हे कोकणच्या नकाशावर मांडून पाहा. मुंबई ते रत्नागिरी सुमारे १२० सागरी मैल; एडन त्याच्या जवळजवळ चौदापट दूर. याच वेगाने रत्नागिरीला सुमारे वीस तास लागले असते. सहा तासांच्या कोळशावर मुंबईहून निघालेली बोट फार तर मुरूड-जंजिऱ्यापर्यंत पोहोचली असती.

७/ २२ एप्रिलला ‘ह्यू लिंडसे’ सुएझला पोहोचली. विशेष म्हणजे, वाटेवरचा कोळसा शिडाच्या जहाजांनीच आधी नेऊन ठेवला होता. वाफेचे जहाज अजून वाऱ्यावरच अवलंबून होते!

८/ वाटेवर कोळशाचे हुकमी ठाणे हवे, हे आता स्पष्ट झाले. १८३५ मध्ये कंपनीने सोकोत्रा बेटावर सैन्य उतरवले. तापाच्या साथीने ते मागे घ्यावे लागले. १८३७ मध्ये एडनजवळ फुटलेल्या ‘दर्या दौलत’ या जहाजाची लूट झाली आणि निमित्त मिळाले. इजिप्तच्या महंमद अलीच्या वाढत्या सत्तेची धास्तीही होतीच. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन जिंकले.

९/ त्यानंतर १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. म्हणूनच शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेसाठी तेथे धाडणे सरकारला सोयीचे ठरले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.

१०/ आद्य क्रांतिकारकाचा अंत समुद्रापलीकडे का झाला, या प्रश्नाचा एक धागा असा ५३ वर्षे मागे, कोळशाने भरलेल्या त्या केबिनींपर्यंत जातो.