बारा केल्विनचा बारीकसा उतार

आमच्या लातूर-नांदेडकडं द्रव नायट्रोजन म्हटलं की फिजिक्सची लॅब नाही, गुरांचा दवाखाना आठवतो. देवणी, लाल कंधारी वळूंच्या रेतमात्रा ज्या कॅनमध्ये असतात, त्यात ७७ केल्विन तापमान असतं, म्हणजे उणे १९६ अंश. १९८७ मध्ये एक कॉपर ऑक्साइड सुमारे ९३ केल्विनलाच अतिवाहक झाला, आणि अतिवाहकता अशा कॅनच्या आवाक्यात आली.

कॉपर ऑक्साइड येण्याआधीचा विक्रम होता जेमतेम २३ केल्विनचा, तोही एका थिन फिल्मचा: निओबियम-जर्मेनियम, १९७३. ठोकळ्यात ही रचना योग्य प्रमाणात टिकत नाही. तापवलेल्या पृष्ठभागावर थर चढवला तेव्हा कुठं ती टिकली. थिन फिल्म म्हणजे नुसतं छोटं सॅम्पल नव्हे, ते यासाठी.

या जुन्या अतिवाहकांत जोडी जुळवतो तो फोनन. इलेक्ट्रॉन जाता जाता आजूबाजूचे आयन जवळ ओढतो, ते सावकाश मागं फिरतात, तोवर तिथल्या जादा धनभाराकडं दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. जड आयसोटोप घातला की कंपनं मंदावतात आणि संक्रमण तापमान उतरतं. नव्या ऑक्साइडमध्ये मात्र ऑक्सिजनचा आयसोटोप बदलूनही तापमान जवळजवळ हलेना. झालं, सगळी गर्दी तिकडं पळाली.

त्या काळात मुंबईत, टीआयएफआरमध्ये आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकारी इट्रियम-निकेल-बोरॉनचे नमुने तपासत होते. १२ केल्विनजवळ त्यांना अतिवाहकतेची खूण दिसली, पण नमुन्याच्या अगदी थोड्या भागात. अशी खूण आपण 'इम्प्युरिटी असेल' म्हणून सोडून देतो. (मी दिलीय. फाईलसुद्धा ठेवली नाही.) इम्प्युरिटी होतीच! पण त्यांनी तिचाच पाठलाग केला. थोडा कार्बन मुद्दाम मिसळल्यावर अतिवाहकता नमुनाभर पसरली. जानेवारी १९९४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये पेपर आला. त्याच महिन्यात बेल लॅब्जच्या गटानं निकेलऐवजी पॅलेडियम घालून २३ केल्विन गाठले. म्हणजे त्या जुन्या फिल्मइतकेच, पण ठोकळ्यात. पुढं निकेलच्या संयुगात बोरॉनचा आयसोटोप बदलला तर तापमान सरकलं. इथं फोननच होता.

आता तुमच्या कामाचं. रेझिस्टन्स शून्य झाला म्हणजे अख्खा नमुना अतिवाहक, असं समजू नका. अशुद्ध फेजचा एक सलग धागा दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये असला तरी मीटर शून्यच दाखवतो. बाकीचा नमुना साधा असला तरी करंट त्या धाग्यातूनच जातो. किती भाग अतिवाहक आहे ते बघायला मॅग्नेटायझेशन घ्यावं लागतं. आमच्याकडं ती सोय नाही, नमुने डबीत घालून रात्रीच्या गाडीनं मुंबई-पुण्याला न्यावे लागतात. डबीवर तारीख आणि बॅच नंबर स्वतःच्या हातानं लिहा.