पाठ, पाठभेद आणि चालती वही

मराठीत ‘पाठ’ या शब्दाला निदान दोन अर्थ आहेत. वर्गात शिकवला जातो तो पाठ, आणि पोथीत लिहिलेला असतो तोही पाठच. पहिल्याचा संबंध अध्यापनाशी, दुसऱ्याचा पाठचिकित्सेशी. हे दोन्ही अर्थ एकत्र आल्याचा अनुभव आम्हांला गतवर्षी, काहीसा अनपेक्षितपणे, संगणकाच्या वर्गात आला. त्या निमित्ताने ‘संगणकीय वही’ या माध्यमाचा इतिहास आम्ही तपासून पाहिला. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

संगणकीय वही म्हणजे गद्य विवेचन, आज्ञावली आणि त्या आज्ञावलीने काढलेले उत्तर एकाखाली एक मांडणारा दस्तऐवज. वाचकाने मधली आज्ञावली बदलून पुन्हा चालवली, तर खालचे उत्तरही बदलते. या कल्पनेमागील विचार डोनाल्ड क्नूथ यांच्या १९८४ च्या एका निबंधात स्पष्टपणे आढळतो. प्रोग्रॅम हा आधी माणसाने वाचायचा मजकूर आहे, आणि तो लिहिणाऱ्याने स्वतःकडे निबंधकार म्हणून पाहावे, अशी त्यांची भूमिका होती. एकाच मूळ संहितेतून माणसासाठी छापील विवेचन आणि यंत्रासाठी आज्ञावली अशी दोन रूपे काढण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. ग्रंथजुळणीसाठी जगभर वापरली जाणारी त्यांची ‘टेक्’ ही प्रणाली याच पद्धतीने लिहिलेली आहे.

१९८८ मध्ये ‘मॅथेमॅटिका’ या प्रणालीने पडद्यावरची वही प्रत्यक्षात आणली. परंतु ती प्रणाली विकत घेणाऱ्यालाच तीत काम करता येई. पुढचे पाऊल एका विद्यार्थ्याचे आहे. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करीत असताना फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये ‘आयपायथन’ हे छोटे साधन स्वतःच्या सोयीसाठी लिहिले आणि ते सर्वांना खुले केले. त्यात अनेकांचे हात लागत गेले, आणि २०११ च्या अखेरीस त्याला वहीचे रूप मिळाले. २०१४ मध्ये त्यातून ‘जुपिटर’ प्रकल्प वेगळा झाला. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांचा निर्देश या नावात आहे. त्याचबरोबर गुरूच्या चंद्रांची निरीक्षणे टिपणाऱ्या गॅलिलिओच्या वह्यांचे स्मरणही आहे.

साधन खुले झाले म्हणून पाठ आपोआप खुले होत नाहीत. ते कोणीतरी लिहावे लागतात. अभियांत्रिकीच्या प्राध्यापक लोरेना बार्बा यांनी द्रवगतिशास्त्र शिकवताना २००९ ते २०१३ या काळात बारा पायऱ्यांची एक पाठमाला घडवली. विवेचन आणि आज्ञावली हातात हात घालून चालणाऱ्या या वह्या त्यांनी कोणालाही वापरता व बदलता येतील अशा परवान्याने प्रसिद्ध केल्या. बर्कलीच्या विद्यापीठात २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या विदाशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तकही कोणालाही विनामूल्य वाचता येते. मानव्यविद्यांत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोग्रॅमिंग हिस्टोरियन’ या पाठसंग्रहाने इतिहासकारांसाठी हेच काम केले. २०१७ मध्ये स्पॅनिश, २०१९ मध्ये फ्रेंच आणि २०२१ मध्ये पोर्तुगीज आवृत्ती त्याला जोडली गेली.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाचा उल्लेख केला पाहिजे. देशभरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे पायथनमध्ये उतरवली आणि प्रकरणवार वह्यांच्या रूपाने ती प्रसिद्ध झाली. मात्र मूळ पुस्तकांचे हक्क प्रकाशकांकडे असल्यामुळे वहीत गणित आले, विवेचन आले नाही. पुस्तक शेजारी हवेच. टीका उपलब्ध आहे, पण मूळ ग्रंथ कुलुपात आहे, अशी ही स्थिती. उलट त्याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या ध्वनिचित्रपाठांच्या उपक्रमात समजावून सांगणारा शब्द महत्त्वाचा मानला गेला, आणि म्हणून ते पाठ मराठीतही आले.

वही खुली केली, की ती टिकेलच असे मात्र नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘गिटहब’ या सार्वजनिक भांडारातील चौदा लाखांहून अधिक वह्या तपासल्या गेल्या. त्यांतील चालवून पाहण्याजोग्या वह्यांपैकी सुमारे २४ टक्केच त्रुटीविना चालल्या. मूळचेच उत्तर पुन्हा मिळाले ते सुमारे ४ टक्क्यांत. आज्ञावली क्रम सोडून चालवलेली असणे, लागणाऱ्या पूरक साधनांची नोंद नसणे, ही त्याची प्रमुख कारणे. नकलाकारांच्या हातून भ्रष्ट होत जाणाऱ्या पोथ्यांचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

आमचा अनुभव याहून वेगळ्या भ्रष्टतेचा होता. एम.ए.च्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही शब्दांची वारंवारता मोजणारा एक मुक्त पाठ वापरला. तो इंग्रजी गद्यासाठी लिहिलेला होता. आम्ही त्यात मराठी उतारा घातला. वही सुरळीत चालली. यादी आली, त्रुटीचा संदेश कुठेही आला नाही. पण एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात ‘मराठी’ हा शब्दच नाही. ‘मर’ आणि ‘ठ’ हे कुठून आले?” शब्द ओळखण्याचे पायथनमधील नेहमीचे सूत्र अक्षरे आणि अंक धरते, काना, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे त्याच्या लेखी अक्षरे नव्हेत. प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटत होता. पुढे हेही ध्यानात आले, की ‘मराठी’ची लांबी विचारली असता यंत्र पाच सांगते, अक्षरगणवृत्त शिकवणारा शिक्षक तीन सांगेल.

ती वही बंदिस्त असती, तर ती यादी आम्ही कदाचित निबंधात उतरवून घेतली असती. ती खुली असल्यामुळे देवनागरीची सर्व चिन्हे सामावणारे आणि विरामदर्शक दंड वगळणारे सूत्र आम्हांला घालता आले. त्याआधी, मराठीत अक्षर कशाला म्हणावे, यावर विद्यार्थ्यांकडूनच दोन परिच्छेद लिहून घेतले. संगणकाच्या पाठातला तेवढा भाग मराठीच्या वर्गानेच लिहायचा होता.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये, असे बजावले. महान ग्रंथाच्या बाबतीत ते योग्यच आहे. अध्यापनाच्या पाठाचा धर्म मात्र निराळा. तो दुसऱ्याच्या वर्गात, दुसऱ्याच्या भाषेत चालायचा असेल, तर त्यात भर पडलीच पाहिजे. मूळ लेखकाचे नाव आणि आपण केलेले फेरफार प्रामाणिकपणे नोंदवले, म्हणजे झाले. मुक्त परवानाही एवढेच मागतो. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही ती नोंद केली आहे, आणि तिच्याखाली मोकळी जागा ठेवली आहे. आमच्या चुका ज्यांच्या ध्यानात येतील, त्यांच्यासाठी ती आहे.