गाडीत टचस्क्रीन हवी की बटणं? शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर हा प्रश्न का महत्त्वाचा आहे?

डिसेंबरमधली रात्र आहे. चौफुल्याहून केडगाव, पारगाव, न्हावरेमार्गे तुमची गाडी शिरूरकडे निघाली आहे. गाडीत चार-पाच जण बसलेत, काचा बंद आहेत आणि बाहेर गारठा आहे. भीमेचा पूल येईपर्यंत समोरची काच आतून धुरकट व्हायला लागते.

जुन्या गाडीत अशा वेळी हात आपोआप खाली जातो. नॉब सापडतो, तो फिरवला की हवा काचेकडे जाते आणि अर्ध्या मिनिटात रस्ता दिसायला लागतो. या सगळ्यात तुमची नजर समोरच असते.

आता हेच काम स्क्रीनवर करायचं असेल तर? आधी नकाशा बाजूला करायचा, मग एसीचं पान उघडायचं, त्यात काचेचं चित्र शोधायचं आणि त्यावर नेमकं बोट टेकवायचं. हे करताना नजर रस्त्यावरून हटतेच. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी २ सेकंदांत साधारण ३३ मीटर पुढे जाते. वेग ८० असेल तर ४४ मीटर. गाळपाच्या हंगामात याच ३३ मीटरमध्ये उसाने भरलेली डबल ट्रॉली असू शकते, आणि मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा असतो ना रिफ्लेक्टर.

त्यामुळे टचस्क्रीन की बटणं हा प्रश्न फक्त आवडीनिवडीचा राहत नाही. तो समजून घेऊया.

गाड्यांमध्ये टचस्क्रीन आली कुठून?

गाडीतली टचस्क्रीन तशी नवी नाही. अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीने १९८६ च्या रिव्हिएरा मॉडेलमध्ये जुन्या टीव्हीसारखी छोटी टचस्क्रीन दिली होती. रेडिओ आणि एसी तिच्यावरून चालायचे. पण ही गोष्ट लोकांच्या फारशी पचनी पडली नाही.

पुढे हातोहाती स्मार्टफोन आले आणि स्क्रीनची सवय झाली. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एस या गाडीत १७ इंची उभी स्क्रीन बसवली आणि बरीचशी बटणं काढूनच टाकली. मोठी स्क्रीन म्हणजे आधुनिक गाडी, असं समीकरण तिथून घट्ट झालं. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेऱ्याचं चित्र दाखवायला स्क्रीन लागतेच. मग स्क्रीन बसवायचीच आहे, तर बाकीची कामंही तिच्यावरच का नकोत, असा विचार पुढे आला.

कंपन्यांना यात काय फायदा?

पहिला फायदा खर्चाचा. प्रत्येक बटणासाठी वेगळा साचा, वायरिंग, जोडणी आणि चाचणी लागते. ते बटण हजारो वेळा दाबलं तरी टिकलं पाहिजे. स्क्रीनवरचं बटण म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. एकच स्क्रीन अनेक मॉडेलना चालते. उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी मांडणी बदलणंही सोपं जातं.

दुसरा फायदा बदल करण्याचा. गाडी विकल्यानंतरही सॉफ्टवेअर अपडेट पाठवून नवी सुविधा देता येते. बटण एकदा बसवलं की बसवलं.

तिसरा फायदा शोरूममधला. उभ्या गाडीत मोठी, चमकदार स्क्रीन पाहिली की ग्राहक खूश होतो. अडचण ही आहे की गाडी आपण उभी असताना बघतो आणि धावताना वापरतो.

बटण आणि स्क्रीन यांत नेमका फरक काय?

बटणाला आकार असतो, उंचवटा असतो आणि ठरलेली जागा असते. काही दिवसांच्या सवयीने हाताला ती जागा पाठ होते. बटण दाबल्यावर 'टक्' असं जाणवतं, म्हणजे काम झाल्याची पावती बोटालाच मिळते. डोळ्यांची गरज पडत नाही.

स्क्रीन मात्र सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोटाला नकाशा आणि पंखा यांतला फरक कळत नाही, म्हणून बघावंच लागतं. शिवाय एकाच जागी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी पानं येतात, त्यामुळे जागा पाठ होणं अवघड जातं. खड्ड्यात गाडी आदळली की बोट भलतीकडेच लागतं. मग चूक दुरुस्त करायला पुन्हा नजर खाली.

आणखी एक तांत्रिक बाब. आजच्या बहुतेक टचस्क्रीन बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखून चालतात. म्हणून ओल्या बोटांनी किंवा साधे हातमोजे घातले असताना त्या नीट साथ देत नाहीत.

चाचण्यांमध्ये काय दिसलं?

यातली सर्वात गाजलेली चाचणी स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या वाहनविषयक मासिकाची आहे. २०२२ मध्ये त्यांनी ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो व्ही७० घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत चालकाला चार साधी कामं करायची होती. सीट गरम करणं आणि काचेवरचं धुकं घालवणं, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं आणि डॅशबोर्डचा प्रकाश कमी करणं, अशी ती कामं होती. गाडी समजून घ्यायला चालकांना आधी वेळही दिला होता.

१७ वर्षं जुन्या, बटणांच्या व्होल्वोमध्ये ही कामं १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर या गाडीत ४४.९ सेकंद लागले. म्हणजे गाडी १,३७२ मीटर, जवळपास दीड किलोमीटर पुढे गेली होती.

याच चाचणीत दुसरी बाजूही दिसली. डॅसिया सँडेरो आणि व्होल्वो सी४० या गाड्यांना टचस्क्रीन असूनही कामं १४ सेकंदांच्या आत झाली. म्हणजे स्क्रीन आहे म्हणून गाडी वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. स्क्रीनवर कोणती कामं ठेवली आणि ती किती खोलवर दडवली, यावर बरंच अवलंबून आहे.

ब्रिटनमध्ये २०२० साली आयएएम रोडस्मार्ट या संस्थेने सिम्युलेटरवर केलेल्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध केले. स्पर्श करून अँड्रॉइड ऑटो वापरताना चालकाचा प्रतिसाद ५३ टक्क्यांनी मंदावला, तर ॲपल कारप्लेमुळे ५७ टक्क्यांनी. तिथल्या कायदेशीर मर्यादेइतकी दारू प्यायल्यावर हेच प्रमाण १२ टक्के असल्याचं आधीच्या अभ्यासात दिसलं होतं.

मग बटणं परत का येत आहेत?

टचस्क्रीनबद्दलचा पहिला मोठा इशारा गाडीतून नाही, तर जहाजातून आला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली. १० नौसैनिकांचा जीव गेला. जहाजाचं नियंत्रण टचस्क्रीनवरून होत होतं आणि कोणतं नियंत्रण कोणाकडे आहे याचा ऐनवेळी गोंधळ झाला, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर २०१९ मध्ये नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचं ठरवलं.

जर्मनीत एका टेस्लाचालकाने भर पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलायचा प्रयत्न केला आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने स्पष्ट केलं की, स्क्रीन गाडीतच बसवलेली असली तरी तिला मोबाईलसारखेच नियम लागू होतात. चालकाला २०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी झाली.

कंपन्याही मागे वळू लागल्या आहेत. फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी मार्च २०२५ मध्ये सांगितलं की, आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझर्ड दिवे यांसाठी यापुढच्या गाड्यांत खरी बटणं असतील. गाडी म्हणजे फोन नव्हे, असं कारणही त्यांनी दिलं.

सर्वात मोठा दबाव मात्र युरो एनकॅपचा आहे. ही संस्था गाड्यांना सुरक्षेचे स्टार देते. २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींसाठी प्रत्यक्ष बटण किंवा दांडा हवा, असं तिने २०२४ मध्ये जाहीर केलं. हा कायदा नाही. पण स्टार कमी झाले की विक्रीवर परिणाम होतो, म्हणून कंपन्या ऐकतात.

रांजणगावात बनणाऱ्या गाड्यांमध्ये काय आहे?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाट इंडिया ऑटोमोबाइल्सचा कारखाना आहे. टाटा मोटर्स आणि फियाट, म्हणजे आजची स्टेलांटिस, यांचा हा संयुक्त प्रकल्प आहे. जीप कंपास २०१७ पासून इथे बनते आणि उजव्या स्टिअरिंगच्या देशांत निर्यातही झाली आहे. टाटा नेक्सॉनही इथेच बनते. एकाच कारखान्यातल्या या दोन गाड्यांनी वेगवेगळे मार्ग निवडलेले दिसतात.

२०२१ मध्ये कंपासचं रूप बदललं आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये १०.१ इंची स्क्रीन आली. पण स्क्रीनखाली एसीची बटणं कायम राहिली.

नेक्सॉनमध्ये आधी एसीसाठी नॉब आणि बटणं होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉनमध्ये त्यांच्या जागी स्पर्शावर चालणारी चकचकीत पट्टी आली. मात्र तापमान आणि पंख्याचा वेग यांसाठी वर-खाली करायचे दोन छोटे खटके कंपनीने ठेवले. म्हणजे हा मधला मार्ग झाला.

शेजारच्या चाकणमध्ये बनणाऱ्या स्कोडा कुशाकचं उदाहरण आणखी मजेशीर आहे. २०२१ मध्ये ती आली तेव्हा महागड्या व्हेरिएंटमध्ये एसीसाठी टच पॅनल होतं, तर स्वस्त व्हेरिएंटमध्ये साधे फिरवायचे नॉब. जास्त पैसे मोजणाऱ्यालाच रस्त्यावरून नजर हटवावी लागते, अशी टीका तेव्हा झाली.

भारतात नियम काय सांगतो?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि गाडी चालवताना हातात मोबाईल धरून वापरणं हे धोकादायक वाहनचालनात धरलं जाऊ लागलं. २०२० मध्ये नियमांत स्पष्टता आली. हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि तेही एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने वापरता येतं. रोख आहे तो हातातल्या उपकरणावर. डॅशबोर्डमध्ये बसवलेली स्क्रीन हातात नसते.

ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. त्याच्या स्टारमध्ये मुख्य भर आहे तो धडक झाल्यावर प्रौढ प्रवासी आणि मुलं किती सुरक्षित राहतात यावर. त्यामुळे ५ स्टार मिळालेल्या गाडीतही एसी स्क्रीनमध्ये दडलेला असू शकतो. गाडी धडकेत किती टिकते आणि चालकाची नजर रस्त्यावर किती राहते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग टचस्क्रीन नकोच का?

तसं नाही. नकाशा दाखवायला स्क्रीनसारखं दुसरं साधन नाही. गाडी मागे घेताना कॅमेऱ्यामुळे मागचं लहान मूल दिसतं. ब्लूटूथ जोडणं, घड्याळ लावणं, भाषा बदलणं ही कामंही स्क्रीनवरच बरी, कारण ती गाडी उभी असताना करता येतात.

विभागणी साधी आहे. जे काम गाडी धावताना आणि घाईत करावं लागतं, त्याला बटण हवं. जे काम थांबून करता येतं, ते स्क्रीनवर चालेल.

आवाजी सूचना हा तिसरा पर्याय कंपन्या पुढे करतात. तो उपयोगी आहे, पण काचा उघड्या असताना, मागे मुलांचा गोंगाट चालू असताना किंवा मराठी-हिंदी-इंग्रजी सरमिसळ बोलल्यावर गाडीला ते दर वेळी कळेलच असं नाही.

गाडी घेताना काय तपासाल?

टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी, गाडी उभी असताना पाच मिनिटं काढा. चालकाच्या सीटवर बसा, नजर समोर ठेवा आणि ही कामं करून बघा:

- समोरच्या काचेवरचं धुकं घालवणारी हवा चालू करणं
- पंख्याचा वेग कमी-जास्त करणं
- हॅझर्ड दिवे लावणं
- वायपरचा वेग बदलणं
- गाण्याचा आवाज एकदम बंद करणं

ज्या कामासाठी खाली बघावं लागलं, ते लक्षात ठेवा. नकाशा चालू असताना एसी बदलायला किती वेळा बोट टेकवावं लागतं, तेही मोजा. व्हेरिएंट बदलला की बटणंही बदलतात, म्हणून जे मॉडेल घेणार आहात तेच तपासा. जमलं तर संध्याकाळनंतरही गाडी बघा. रात्री स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येतो का आणि तो पटकन कमी होतो का, हे तेव्हाच कळतं.

आणि गाडी आधीच घेतली असेल तर? नकाशा, एसी आणि गाणी निघण्याआधीच लावून घ्या. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर काही बटणं असतात, त्यांची सवय करा. वाटेत बदल करायचाच असेल तर शेजारी बसलेल्याला सांगा, आणि एकटे असाल तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. उसाच्या हंगामात न्हावरे किंवा पाटसच्या रस्त्यावर रात्री निघणार असाल, तर ही सवय आजपासूनच लावून घेतलेली बरी.